एक डिस्क मेली, तरी संगणक चालूच कसा राहिला?

प्रश्न : आमचा कोपरगावात फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं असं वर्षभर काम असतं. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने मागे जुन्या संगणकावर लिनक्स टाकून ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्कचं ‘रेड’ करून दिलं होतं. परवा सुट्टीला आला, काळ्या स्क्रीनवर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, “मामा, यातली एक डिस्क कधीच बंद पडलीय.” आम्ही त्यावर रोज आल्बम बनवतो, कधी काही अडलं नाही. म्हणून तीन गोष्टी विचारतो. डिस्क बंद पडूनही संगणक चालला कसा? आम्हाला कळलं का नाही? आणि आमचा दुकानदार म्हणतो, “हे सॉफ्टवेअरचं काढा, रेडचं कार्ड बसवा.” त्याचं ऐकावं का?
— एक वाचक, कोपरगाव

उत्तर : पुढचं वाचण्याआधी एक काम करा. बाहेरून जोडायची एखादी यूएसबी हार्ड डिस्क आणा आणि सगळे फोटो तिच्यावर उतरवून घ्या. आज तुमच्या ग्राहकांच्या फोटोंची एकच प्रत शिल्लक आहे. ती ज्या डिस्कवर आहे, ती बंद पडलेल्या डिस्कच्याच वयाची, बहुधा एकाच वेळी घेतलेली आणि तेवढेच तास फिरलेली आहे. नवी डिस्क लावून रेड पूर्ववत करायचं ते या प्रतीनंतर. तसं का, ते पुढे सांगतो.

आता पहिला प्रश्न. भाच्याने केलंय ते रेड-१, म्हणजे मिरर. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ‘एमडी’ नावाचा एक भाग असतो. तो दोन खऱ्या डिस्कच्या पुढे एक तिसरी, मानलेली डिस्क उभी करतो. फोटो एडिट करायचा प्रोग्राम असो की फाइल मॅनेजर, सगळ्यांना ती एकच डिस्क दिसते. लिहायचं काही आलं, की एमडी ते दोन्हीकडे लिहितो आणि वाचायचं असलं की कोणत्याही एकीकडून वाचतो. प्रत्येक नोंद दोन वह्यांत एकाच वेळी उतरवणारा मुनीम डोळ्यांसमोर आणा. एक वही भिजून गेली तरी दुकान बंद ठेवावं लागत नाही, दुसरी वही पुढे चालते. आणि मुनिमाने चुकीची नोंद केली, तर तीही इमानेइतबारे दोन्ही वह्यांत जाते. उदाहरणाची ही दुसरी बाजू विसरू नका, तिच्याकडे परत यायचं आहे.

‘रेड’ची कल्पना कुठून आली तेही सांगण्यासारखं आहे. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध मांडला. तेव्हा मोठ्या संगणकांना आयबीएमच्या ३३८० जातीच्या अवाढव्य, महागड्या डिस्क लागत. एकेकीची क्षमता साडेसात जीबी. दुसरीकडे घरगुती संगणकांसाठी १०० एमबीच्या छोट्या, स्वस्त डिस्क बाजारात आल्या होत्या. एका मोठ्या डिस्कऐवजी अशा शंभरेक छोट्या एकत्र का जोडू नयेत, असं त्यांनी विचारलं. अडचणही त्यांनीच हिशेब करून दाखवली. छोट्या डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तरी शंभर डिस्क एकत्र लावल्यावर त्यांतली एखादी सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच बिघडणार. त्यामुळे एक गेली तरी माहिती राहील अशी जादा नोंद ठेवणं भागच होतं. ती ठेवण्याच्या पाच तऱ्हा त्यांनी सांगितल्या, त्याच रेड-१ ते रेड-५. रेड-० आणि रेड-६ ही नावं नंतर रुळली. रेड-० मध्ये जादा नोंद नसतेच, नुसता वेग मिळतो. एक डिस्क गेली की सगळं गेलं. फोटोवाल्याने त्याच्या वाटेला जाऊच नये.

या तऱ्हांमधली सगळ्यात सुंदर युक्ती पॅरिटीची आहे. तीन डिस्कवर एकाच जागी १, ० आणि १ असे आकडे आहेत असं समजा. चौथ्या डिस्कवर असा आकडा लिहायचा, की ओळीत एकची संख्या सम व्हावी. इथे दोन एक आधीच आहेत, म्हणून चौथा आकडा ०. आता तिसरी डिस्क मेली. उरले १, ० आणि ०. एकची संख्या सम हवी, तेव्हा हरवलेला आकडा १ असलाच पाहिजे. बस्स, एवढंच. अब्जावधी आकड्यांच्या बाबतीत हेच करत राहिलं की मेलेली डिस्क जशीच्या तशी पुन्हा उभी राहते. रेड-५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते, रेड-६ मध्ये दोन. मिररमध्ये निम्मी जागा जाते, हे त्या मानाने खर्चिक वाटतं, पण तुमच्यासारख्यांनी मिररच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. पॅरिटीवरून डिस्क पुन्हा उभारायची तर उरलेल्या सगळ्या डिस्क टोकापासून टोकापर्यंत बिनचूक वाचता याव्या लागतात. मिररमध्ये एकच डिस्क वाचायची असते. शिवाय रेड-५ वर लिहिणं चालू असताना वीज गेली, तर माहिती आणि पॅरिटी यांचा मेळ तुटू शकतो. आपल्याकडे वीज कशी जाते-येते हे मी तुम्हाला सांगायला नको.

तर संगणक चालला याचा अर्थ रेडने आपलं काम चोख केलं. दुसरा प्रश्न मात्र जास्त महत्त्वाचा आहे: कळलं का नाही?

भाच्याने टर्मिनल उघडून बहुतेक ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’ ही कमांड दिली असेल. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत.) सगळं ठीक असेल तर त्यात चौकटी कंसात शेजारी शेजारी दोन ‘यू’ दिसतात, दोन्ही डिस्क हजर. तुमच्याकडे एक ‘यू’ आणि त्याच्या शेजारी नुसती खालची रेघ दिसली असणार, आणि त्याच्या आधी ‘२/१’, म्हणजे हव्यात दोन, आहे एक. बिघडलेल्या डिस्कच्या नावापुढे गोल कंसात ‘एफ’ येतो, पण मध्ये संगणक बंद-चालू झाला असेल तर तिचं नावच यादीतून गायब होतं. सगळी बातमी त्या एका रेघेत असते. फोल्डर उघडतात, फोटो दिसतात, वेगही फारसा बदलत नाही, मग ती रेघ बघायला कोण जाणार?

यावर उपाय आहे. एमडीला हुकूम देणारा प्रोग्राम ‘एमडीएडीएम’. ऑस्ट्रेलियातल्या नील ब्राऊन यांनी तो २००१ च्या सुमारास लिहिला आणि पुढे बरीच वर्षं कर्नलमधल्या एमडीची देखभालही केली. या प्रोग्राममध्ये ‘मॉनिटर’ नावाची पहारा ठेवण्याची सोय आहे. डिस्क बाहेर पडली की तो मेल पाठवतो. गोम अशी, की उबंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या आवृत्त्यांवर हा मेल मुळात ‘रूट’ या संगणकातल्याच खातेदाराच्या नावे जातो. स्टुडिओतल्या संगणकावर मेल बाहेर पाठवायची व्यवस्था नसतेच, त्यामुळे तो एक तर निघत नाही, नाहीतर कोणी न उघडणाऱ्या पेटीत पडून राहतो. भाच्याला सांगा, ‘/ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘मेलअ‍ॅडर’च्या ओळीत तुमचा रोजचा पत्ता घाल, मेल बाहेर पाठवणारा एखादा छोटा प्रोग्राम बसव, आणि मग ‘एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट’ ही कमांड चालव. तुमच्या फोनवर चाचणीचा मेल आला तरच पहारा लागला असं समजा. मेल जमत नसेल तर त्याच फाइलमध्ये ‘प्रोग्राम’ची ओळ घालता येते. तिथे स्क्रीनवर मोठी पाटी झळकवणारी किंवा भोंगा वाजवणारी स्क्रिप्ट देता येते. तीही पुरेशी आहे.

बाहेर न पडलेल्या डिस्कवरही कोपऱ्यात कुठेतरी न वाचता येणारा भाग तयार झालेला असू शकतो. चार वर्षांपूर्वीच्या लग्नाचे फोटो कोण उघडतंय? ते कळतं ते नेमकं दुसरी डिस्क गेल्यावर, पुनर्बांधणी चालू असताना. मघाशी आधी प्रत काढून घ्या म्हटलं ते याचसाठी. म्हणून डेबियन आणि उबंटूवर महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी अपरात्री, सगळा अ‍ॅरे (म्हणजे जोडलेल्या डिस्कचा संच) आपोआप वाचून तपासायची सोय केलेली असते. पण संगणक त्या वेळी चालू असला तरच ती उपयोगाची. तुम्ही रात्री दुकानाबरोबर संगणकही बंद करत असाल तर ही तपासणी कदाचित कधी झालीच नसेल. भाच्याला ती दुपारच्या वेळेला लावायला सांगा.

आता दुरुस्ती. आधी डिस्क खरोखर मेली आहे का ते बघा. ‘स्मार्टसीटीएल -ए’ या कमांडने डिस्क स्वतःचीच तब्येत सांगते. बदललेल्या सेक्टरांचा किंवा प्रलंबित सेक्टरांचा आकडा वाढलेला असेल तर तिला रजा द्या. पण ‘सीआरसी एरर’चा आकडा मोठा आणि बाकी सगळं शून्य असेल, तर दोष बऱ्याचदा डिस्कचा नसून तिच्या साटा केबलचा किंवा सैल पिनचा असतो. अशा वेळी दीडशे-दोनशे रुपयांची केबल बदलून काम भागतं. मग ‘री-अ‍ॅड’ ही कमांड देऊन तीच डिस्क परत घेता येते. अ‍ॅरेवर ‘बिटमॅप’ असेल तर मधल्या काळात जेवढं बदललं तेवढंच तिच्यावर उतरवलं जातं. बिटमॅप म्हणजे कुठे कुठे लिहिणं चालू होतं याची छोटी नोंद. अचानक वीज गेल्यावर पूर्ण डिस्क पुन्हा जुळवायचा वेळही तो वाचवतो, म्हणून तो आहे ना हे नक्की बघा. एमडीस्टॅटमध्ये ‘बिटमॅप’ अशी ओळ दिसते. नसेल तर ‘ग्रो’ वापरून चालू अ‍ॅरेवरही बसवता येतो.

डिस्क बदलायचीच असेल तर सगळ्यात मोठा धोका चुकीची डिस्क काढण्याचा. ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ ही नावं कायमची नसतात, संगणक पुन्हा सुरू केल्यावर त्यांची अदलाबदल होऊ शकते. कायम असतो तो डिस्कच्या लेबलवर छापलेला सिरियल नंबर. ‘एलएसबीएलके’ या कमांडला सिरियलचा रकाना दाखवायला सांगितलं की स्क्रीनवर तो मिळतो. त्यातले शेवटचे चार आकडे डिस्कच्या बाहेर दिसणाऱ्या बाजूला स्टिकरवर लिहून चिकटवा. डिस्क घरात आली की त्याच दिवशी हे करून टाका. कॅबिनेट उघडून एकसारख्या दोन डिस्क समोर आल्या, की भलेभले गोंधळतात.

नंतरचा क्रम असा: ‘फेल’, ‘रिमूव्ह’, संगणक बंद करून डिस्क बदलणं, नव्या डिस्कवर जुनीएवढं किंवा किंचित मोठं पार्टिशन, आणि शेवटी ‘अ‍ॅड’. डिस्क यादीतून आधीच गायब असेल तर पहिल्या दोन पायऱ्या लागतच नाहीत. एमडीस्टॅटमध्ये टक्केवारी सरकताना दिसेल. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तर ४ टीबीला साडेसात तासांच्या आसपास लागतात. त्या वेळात कामं चालू ठेवली तर जास्तच. मला विचाराल तर त्या दिवशी स्टुडिओतलं एडिटिंग बंद ठेवा. नवी डिस्क घेताना एसएमआर पद्धतीची नाही ना ते विचारा. अशा डिस्कवर सलग भरपूर लिहायचं झालं की त्या फार मंदावतात. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचं २०२० मध्ये कंपनीने मान्य केलं, तेव्हा जगभर त्यावर ओरड झाली होती.

आणि एक कमांड मात्र अडचणीच्या वेळी चुकूनही देऊ नका: ‘क्रिएट’. अ‍ॅरे दिसेनासा झाला की लोक घाबरून तो पुन्हा ‘तयार’ करायला जातात. डिस्कचा क्रम किंवा एखादं मोजमाप चुकलं तर असलेल्या माहितीवरच नांगर फिरतो. हरवलेल्या अ‍ॅरेसाठी ‘असेंबल’ आहे, ती आधीच्या खुणा वाचून जोडणी करते. कित्येकदा अ‍ॅरे हरवलेलाही नसतो. कॉन्फ फाइलमध्ये नोंद नसल्यामुळे तो ‘एमडी०’ऐवजी ‘एमडी१२७’ या नावाने उगवलेला असतो, एवढंच.

हे सगळं ग्राहकांच्या फोटोंवर शिकायचं नाही. एमडीएडीएमला खरी डिस्कच लागते असं नाही. २-२ जीबीच्या दोन रिकाम्या फाइली तयार करा, ‘एलओसेटअप’ने त्यांना डिस्कचं सोंग द्या आणि त्यांचा मिरर बनवा. त्यावर आठ-दहा फोटो टाका. मग एक डिस्क मुद्दाम ‘फेल’ करा आणि फोटो उघडून बघा. उघडतात! एमडीस्टॅटमधल्या दुसऱ्या ‘यू’च्या जागी रेघ येते ती स्वतःच्या डोळ्यांनी बघा, डिस्क काढा, परत घाला, टक्केवारी शंभरवर जाऊ द्या. भाचा इथे असताना त्याला बाजूला बसवून तुम्ही स्वतः टाइप करा. त्याची परीक्षा चालू असताना आणि तुमच्याकडे ऐन लग्नसराईत डिस्क जाईल, तेव्हा हा सराव कामी येईल.

तिसरा प्रश्न कार्डाचा. हे काम सॉफ्टवेअरने करणं म्हणजे गरिबाची सोय, असा एक समज आहे. तो खोटा आहे. व्हेरिटास कंपनीचा व्हॉल्यूम मॅनेजर हाही सॉफ्टवेअरच होता. बँका आणि टेलिफोन कंपन्यांच्या मोठ्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं डिस्क जोडायचं काम तो करत होता, आणि व्हेरिटासचं मोठं विकासकेंद्र आपल्या पुण्यातच होतं. कार्डाचा फायदा आहे तो बॅटरी असलेल्या चांगल्या कार्डाचा आणि भरपूर डिस्क असलेल्या सर्व्हरवर. तुमच्याकडे तोटा मोठा. कार्ड आपल्या खुणा आपल्या पद्धतीने लिहितं, त्यामुळे कार्ड जळलं तर बहुतेक वेळा त्याच जातीचं दुसरं शोधावं लागतं. ते कोपरगावात मिळणं अवघड. लिनक्सचा मिरर असलेली डिस्क उपसून लिनक्स असलेल्या कुठल्याही संगणकाला लावा, ती वाचता येते. मदरबोर्डच्या बायोसमध्ये जे ‘रेड’ दिसतं, त्यातही खरं काम प्रोसेसर आणि ड्रायव्हरच करतात, त्याचाही मोह नको. कार्डाचे पैसे चांगल्या यूपीएसमध्ये घाला.

आता मुनिमाच्या चुकीच्या नोंदीकडे येतो, कारण तुम्ही न विचारलेला प्रश्न तोच आहे. तुम्ही चुकून एखादं लग्न डिलीट केलंत, व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर ते दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी होतं. रेडचा त्याला काही इलाज नाही. आणि दोन्ही डिस्क एकाच पत्र्याच्या डब्यात आहेत. नाशिकला धुवाधार पाऊस झाला, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलं की गोदावरी कोपरगावात कशी येते, ते तुमच्या गावाने २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं आहे. तळमजल्यावरच्या दुकानात पाणी शिरलं तर ते आधी कोणती डिस्क भिजवायची असं विचारणार नाही.

रेड असतं काम न थांबण्यासाठी. तुमच्या तालुक्यातलंच बघा, दोन मोठे सहकारी साखर कारखाने आहेत, कोळपेवाडीला काळे कारखाना आणि सहजानंदनगरला कोल्हे कारखाना. गाळपाच्या हंगामात वजनकाट्यावरचा संगणक तासभर बंद पडला, तर बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो, माणसं खोळंबतात. अशा जागी मिरर हवाच. तुमच्या स्टुडिओत संगणक एक दिवस बंद राहिला तर आल्बम एक दिवस उशिरा जाईल, ग्राहक कुरकुरेल आणि विषय संपेल. फोटोच गेले तर ते लग्न पुन्हा लागणार नाही. म्हणून पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मी तुम्हाला दुसरी डिस्क मिररला न लावता बाहेरच्या प्रतीसाठी वापरायला सांगेन. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने एक हिशेब प्रचलित केला: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. फोटोवाल्यानेच फोटोवाल्यांसाठी सांगितलेला आहे, आणि मला तो अजूनही सगळ्यात व्यवहारी वाटतो. स्टुडिओतला मिरर ही एक प्रत धरा, दोन नव्हे. दुसरी यूएसबी डिस्कवर, आठवड्यातून एकदा जोडून परत काढून ठेवलेली. तिसरी येवल्याला किंवा शिर्डीला एखाद्या नातेवाइकाच्या वरच्या मजल्यावरच्या कपाटात, किंवा नेट परवडत असेल तर क्लाउडवर. तिसरी प्रत महिन्यातून एकदा बदलली तरी चालेल. अधूनमधून त्यातलं एखादं फोल्डर उघडून, फोटो मोठा करून बघत जा.

शेवटी त्या बंद पडलेल्या डिस्कबद्दल. ती वॉरंटीत असेल तर बदलून मिळेल, नसेल तर भंगारात जाईल. मिररमधल्या प्रत्येक डिस्कवर सगळेच्या सगळे फोटो असतात, आणि ‘मेलेली’ डिस्क दुसऱ्या संगणकावर पुष्कळदा बऱ्यापैकी वाचता येते. त्यात लोकांच्या घरातल्या बायका-मुलांचे फोटो आहेत. डिस्क अजून ओळखली जात असेल तर पूर्ण पुसूनच हातावेगळी करा. पुसता येत नसेल तर वॉरंटीचा मोह सोडा आणि ड्रिलने तिच्या तबकड्यांना आरपार दोन-तीन भोकं पाडून मगच भंगारवाल्याला द्या. त्याआधी ‘एलएसबीएलके’त सिरियल नंबर पुन्हा एकदा ताडून घ्या, म्हणजे भोकं चांगल्या डिस्कला पडायची नाहीत.